उपासनागीतांची निवड : वृंदगायनातील मराठी शब्दाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

ख्रिस्ती उपासनेतील वृंदगायन हा विषय आपल्याकडे सामान्यतः एक तर संगीतज्ञांचा मानला जातो किंवा धर्मोपदेशकांचा. भाषेच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काही संबंध पोहोचतो, असे सहसा कोणी धरीत नाही. वस्तुतः गायकवृंदाचा प्रमुख दरवर्षी नाताळ, उपवासकाळ आणि पुनरुत्थानाचा सण ह्यांच्यासाठी जी गीते निवडतो, ती निवड फार मोठ्या अंशी भाषिक निवड असते. कोणत्या भाषेत गावयाचे, कोणत्या शब्दांना कोणती चाल द्यावयाची, एका वेळी किती स्वरपंक्ती चालवावयाच्या आणि त्यांतून श्रोत्याच्या कानापर्यंत वाक्य पोहोचते किंवा नाही, हे सारे प्रश्न स्वर लावण्याच्या अगोदरचे आहेत.

प्रस्तुत लेखात 'वृंदस्तोत्र' हा शब्द इंग्रजीत ज्याला 'अँथम' म्हणतात त्या प्रकारासाठी योजला आहे. सर्व मंडळीने मिळून म्हणावयाचे ते उपासनागीत. तालीम केलेल्या गायकवृंदाने मंडळीच्या वतीने म्हणावयाचे ते वृंदस्तोत्र. हा भेद पुढील विवेचनास आवश्यक आहे.

विवेचनासाठी दादर-प्रभादेवी हा परिसर डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये स्थापिलेले आणि लोकांच्या तोंडी 'पोर्तुगीज चर्च' म्हणून रुळलेले आवर लेडी ऑफ साल्वेशन हे मंदिर ह्या परिसरात आहे. त्याची आजची वास्तू चार्ल्स कोरिया ह्यांच्या आराखड्यानुसार १९७४ ते १९७७ ह्या काळात उभी राहिली. तेथून थोड्याच अंतरावर प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर आहे. जवळच सिद्धिविनायकाचे देऊळ आहे, आणि भजनी मंडळांचे गायन ह्या वस्तीला नवे नाही. उत्तरेस माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून चालत आलेली बुधवारची नोव्हेना मराठीसह अनेक भाषांत होते. दक्षिणेस गिरगावचे आंब्रोली चर्च व भायखळ्याचे ह्यूम मेमोरियल चर्च ही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची जुनी स्थाने आहेत. उपासनामंदिर, सभागृह आणि भजन ह्या तिन्ही गोष्टी एवढ्या जवळ असल्यामुळे येथील गायकवृंदापुढे निवडीचा प्रश्न अगदी स्पष्ट रूपात उभा राहतो.

२. परंपरेची साक्ष

वृंदस्तोत्र म्हणजे भव्य, अनेकस्वरी आणि म्हणून परभाषेत शोभणारी रचना, अशी समजूत आपल्याकडे आढळते. ह्या प्रकाराचा इतिहास मात्र तसे सांगत नाही. 'अँथम' हा शब्द 'अँटिफन' ह्या शब्दापासून आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ दोन गटांनी आळीपाळीने गाणे असा आहे. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेच्या काळी लोकभाषेतील उपासना सुरू होऊ लागली, तेव्हा आर्चबिशप क्रॅनमर ह्यांनी १५४४ मध्ये आठव्या हेन्रीला लिहिलेल्या पत्रात, शक्य तोवर प्रत्येक अवयवास एकच स्वर असावा, असा आग्रह धरला. शब्द स्पष्ट कळावा हा त्यामागील हेतू होता. टॅलिस ह्यांच्या आरंभीच्या इंग्रजी रचनांमध्ये हा विचार प्रत्यक्ष ऐकू येतो. पुढे १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने, जेथे गायकवृंद असेल तेथे ठराविक प्रार्थनांनंतर वृंदस्तोत्र म्हणावे, असे स्थान ह्या प्रकाराला नेमून दिले.

रोमन कॅथलिक परंपरेतही हीच चिंता होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५६२ मध्ये संगीताची जी चर्चा झाली तिच्यात, शब्द सर्वांना कळावेत, केवळ कानाला सुख देण्यासाठी रचना असू नये, हा विचार मांडला गेला. पॅलेस्ट्रिना ह्यांच्या १५६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिस्सा पापे मार्चेली' ह्या रचनेने बहुस्वरी संगीत वाचविले ही कथा आता इतिहासकार मानीत नाहीत. पण त्या रचनेतील शब्दांची सुबोधता ही वस्तुस्थिती आहे. १९०३ मध्ये दहाव्या पायस ह्यांनी उपासनासंगीताच्या तीन कसोट्या सांगितल्या : पावित्र्य, रूपसौष्ठव आणि सार्वत्रिकता. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संमत केलेल्या उपासनाविषयक घोषणेने लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. त्याच घोषणेत वारशाने आलेले संगीतभांडार जतन करावे, असे एका कलमात सांगितले आहे आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला योग्य स्थान द्यावे, असे दुसऱ्या कलमात सांगितले आहे. मुंबईतील गायकवृंदांची ओढाताण ह्या दोन कलमांमधील आहे. कोणी पहिल्या कलमाकडे बोट दाखवून लॅटिन व इंग्रजी रचना पुढे करतो, कोणी दुसऱ्याच्या आधारे केवळ भजनच मान्य करतो. ह्या वादात दोन्ही बाजूंनी शब्दाची परीक्षा बहुधा राहून जाते.

३. मराठी शब्द आणि आयात चाल

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे सर्वपरिचित गीतपुस्तक म्हणजे 'उपासना संगीत'. त्यात देशी चालींची पदे व अभंग आहेत, तशीच पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरितही आहेत. ह्या दुसऱ्या प्रकारच्या गीतांविषयी 'ती कृत्रिम वाटतात' असा अभिप्राय वारंवार ऐकू येतो. परंतु हा अभिप्राय सरसकट खरा नाही. काही गीते मराठी तोंडात सहज बसतात, काही बसत नाहीत. ह्या भेदाचे कारण शोधले पाहिजे.

इंग्रजी पद्य आघातावर चालते. त्यातील पुष्कळ स्तोत्रांचा गण 'निराघात-साघात' असा असतो. म्हणून चालही हलक्या मात्रेवर सुरू होते आणि वजन दुसऱ्या स्वरावर पडते. तीन मात्रांच्या तालात तर पहिला स्वर आखूड आणि दुसरा दुप्पट लांब होतो. मराठीत आघात दुर्बल आहे; मराठी कानाला जाणवतो तो अक्षराचा लघुगुरुभाव. आता 'प्रभू', 'कृपा', 'दया', 'क्षमा', 'सदा' हे शब्द पाहावेत. ह्या सर्वांत पहिले अक्षर लघु व दुसरे गुरू आहे. निराघात-साघात चालीवर हे शब्द मूळचेच असल्यासारखे बसतात. ह्याउलट 'तारण', 'जीवन', 'पावन', 'मानव' हे शब्द घेतले तर गुरू अक्षर हलक्या मात्रेवर येते आणि पुढचे लघु अक्षर ताणले जाते. 'तारण' मधील 'ता' आखडतो, 'र' लांबतो, आणि ऐकणाऱ्याला 'तराण' असा काही तरी अर्थहीन शब्द ऐकू येतो. कृत्रिमतेचे खापर परक्या चालीवर फोडले जाते, पण दोष शब्द आणि मात्रा ह्यांच्या विजोडपणाचा असतो. जी इंग्रजी चाल वजनदार मात्रेनेच सुरू होते तिच्यावर हेच 'तारण' व 'जीवन' विनातक्रार बसतात.

दुसरी अडचण अन्त्य अकाराची. बोलताना आपण 'जीवन्' म्हणतो; अभंग म्हणताना 'जी-व-न' अशी तीन अक्षरे पुरी उच्चारतो. पाश्चात्त्य चालीवरील भाषांतरात भाषांतरकाराने कोणता हिशेब धरला हे प्रत्येक ओळीत निराळे असू शकते. परिणामी वृंदातील अर्धे गायक शेवटचा 'न' मिटवून टाकतात आणि अर्धे त्याला स्वतंत्र स्वर देतात. एकट्याच्या गाण्यात ही गोष्ट खपून जाते, चाळीस जणांच्या गाण्यात ती गोंगाट होते. तालमीच्या पहिल्या दिवशीच कागदावर खूण करून हा निर्णय घ्यावयास हवा. ज्या गीतात अशा खुणा ओळीओळीला कराव्या लागतात ते गीत वृंदस्तोत्र म्हणून निवडण्यास योग्य नव्हे, असे समजावयास हरकत नाही.

तिसरी गोष्ट ऱ्हस्वदीर्घाची. 'सुत' म्हणजे पुत्र. ह्या शब्दातील उकार चालीने ताणला की तो 'सूत' होतो, आणि देवपुत्राच्या जागी धागा किंवा सारथी येऊन बसतो. 'दिन' आणि 'दीन' ह्यांचेही तसेच. बोलण्यातही मराठी मनुष्य अशा उपान्त्य इकार-उकारांना थोडे लांबवतोच, हे खरे. पण बोलण्यात भोवतालचे वाक्य अर्थ सावरते. गायनात, विशेषतः स्वरपंक्ती वेगवेगळ्या वेळी प्रवेश करीत असताना, ते वाक्य हाताशी नसते. म्हणून लांब स्वरावर आ, ए, ओ ह्यांपैकी किंवा निःसंशय दीर्घ असा ई, ऊ असलेले अक्षर येते किंवा नाही, हे निवड करताना पाहिले पाहिजे.

४. बहुस्वरी रचना व मराठी वाक्य

आणखी एक प्रश्न वाक्यरचनेचा आहे, आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. चार स्वरपंक्ती एकाच वेळी एकच शब्द म्हणत असतील तर शब्द बव्हंशी कळतो. पण अनुकरणात्मक रचनेत एक पंक्ती वाक्याच्या आरंभी, दुसरी मध्यावर, तिसरी शेवटी अशा असतात. अशा वेळी प्रत्येक शब्दाचा जोरकस आरंभ ऐकू येतो, शेपूट मात्र बुडते.

इंग्रजीत कर्ता-कर्म हा संबंध शब्दांच्या क्रमाने व्यक्त होतो. शब्दाचे शेपूट बुडाले तरी फारसे नुकसान होत नाही. मराठीत तो संबंध शब्दाच्या अंती लागणाऱ्या प्रत्ययात असतो. 'देवाने', 'देवाला', 'देवाचा', 'देवापाशी' ह्या चार रूपांत 'देवा-' एवढाच भाग स्पष्ट राहिला तर कोणी कोणाला काय दिले हे कळत नाही. त्यातच मराठी क्रियापद वाक्याच्या अंती येते. श्रोता ज्याची वाट पाहत आहे तो शब्द आलाच नाही, अशी स्थिती होते. इंग्रजी अनुकरणात्मक वृंदस्तोत्राचे शब्दशः मराठीकरण करून ते गाण्याचे प्रयोग सहसा फसतात, ह्याचे हे कारण आहे.

ह्यावरून बहुस्वरी रचना मराठीला वर्ज्य आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. ह्या अडचणीतूनच निवडीचे दोन नियम निघतात. पहिला असा की, सर्व पंक्ती एकत्र चालून अन्त्य विश्रांतीला क्रियापदावर मिळतात, अशा रचना मराठीला विशेष अनुकूल आहेत. वाक्याचा शेवट आणि स्वरवाक्याचा शेवट एक होतो, आणि क्रियापदाच्या अन्त्यस्थानाचा कलात्मक लाभ मिळतो. दुसरा असा की, ज्या शब्दांना प्रत्यय लागत नाहीत त्यांवर कितीही गुंतागुंतीची रचना करावी. 'हालेलुया', 'होसान्ना', 'आमेन' हे शब्द मूळ हिब्रूतून निरनिराळ्या भाषांत जसेच्या तसे आले आहेत. ते मराठी मंडळीच्याही नित्याचे आहेत, आणि त्यांचा अर्थ क्रमावर किंवा प्रत्ययावर अवलंबून नाही. हँडेलच्या 'मसाया' मधील सुप्रसिद्ध वृंदगान मराठी मंडळीतही परके वाटत नाही, त्याला रचनेच्या वैभवाइतकेच हेही कारण आहे. संबोधनाचे रूपही असेच सुरक्षित आहे : 'देवा', 'ताता', 'प्रभो' अशी हाक चारी पंक्तींनी कितीही वेळा दिली तरी अर्थहानी होत नाही.

येथे एका मुंबईकर प्रयोगाचा उल्लेख करणे योग्य होईल. व्हिक्टर परांजोती ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात मुंबईत स्वतःच्या नावाचा वृंद उभारला; त्यांच्या पश्चात कुमी वाडिया ह्यांनी तो चालविला. परांजोती ह्यांच्या 'द्रविडियन डिथिरॅम्ब' ह्या रचनेत भारतीय स्वरलय आणि पाश्चात्त्य बहुस्वरी मांडणी ह्यांचा मेळ आहे. मात्र ती सार्थ शब्दांवर उभी नसून निरर्थक अक्षरांवर उभी आहे. सभागृहासाठी ही युक्ती यशस्वी आहे. परंतु तिने शब्दाचा प्रश्न सोडविलेला नाही, तो बाजूस ठेवला आहे. उपासनेत शब्द बाजूस ठेवता येत नाही. म्हणून ह्या प्रयोगाकडून ताल व पोत शिकावा, पण त्याला मराठी वृंदस्तोत्राचा नमुना मानू नये.

५. टिळकांची पदे आणि भजनाचा मार्ग

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतरच्या सुमारे दोन तपांत मराठी ख्रिस्ती गीताचे रूपच पालटून टाकले. त्यांच्या अगोदर अहमदनगर भागात कृष्णा रत्नाजी सांगळे ह्यांच्यासारख्यांनी कीर्तन व पद ह्या प्रकारांची वाट घालून दिली होती. टिळकांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी वारकरी अभंगाचा केवळ छंद घेतला नाही. देवाशी बोलण्याची त्याची लगट, त्याचे रुसणे आणि त्याची शरणागतीही घेतली.

भाषिक दृष्टीने अभंगाचा एक मोठा लाभ आहे. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त वृत्त, जाती व छंद असा जो भेद केला त्यात अभंग-ओवी हे प्रकार लगत्वभेदाच्या पलीकडचे, अक्षरसंख्येवर चालणारे असे ठरतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अक्षरे असतात, आणि गाताना प्रत्येक अक्षराला सारखेच मोल मिळते. म्हणजे 'तारण' व 'कृपा' ह्यांच्यातील भेद येथे अडचण निर्माण करीत नाही. आपण मागील विभागांत पाहिलेल्या तीनही दोषांपासून अभंग जात्याच मुक्त असतो.

मग सर्व प्रश्न भजनाने सुटला, असे समजावयाचे काय? भजनाचे पुरस्कर्ते तसे समजतात, परंतु ते पुरते खरे नाही. टिळकांची पुष्कळ पदे एकट्या जीवाची आहेत. त्यांतील 'मी' हा खरोखरच एकवचनी आहे. त्याचे दुःख व त्याची ओढ खाजगी आहे. असे पद चाळीस जणांच्या तोंडी, चार पंक्तींत आणि पेटी-ऑर्गनच्या भरगच्च साथीने ऐकले की त्यातील जिव्हाळा नाहीसा होतो. जे पद एका आवाजाने म्हणून वृंदाने केवळ धृपद उचलावे, तेथे वृंदाने सर्व पद गाणे ही निवडीची चूक होय. ह्याउलट स्तवनपर व निमंत्रणपर पदांत 'आम्ही' बोलत असतो. ती वृंदाची खरी मिळकत आहे. वृंदप्रमुखाने पद हाती घेताच प्रथम त्यातील सर्वनाम पाहावे, एवढी साधी कसोटीही निम्मे काम करील.

बहुस्वरी साथ देण्याविषयीही तारतम्य हवे. आपल्या चालीत षड्ज स्थिर असतो आणि बाकीचे स्वर त्याच्याशी नाते सांगतात. तिच्याखाली क्षणोक्षणी बदलणारे स्वरसंघात ठेवले की ते नाते विस्कटते आणि रागाची छाया पुसली जाते. षड्ज-पंचमाचा अखंड आधार, धृपदाच्या अन्त्य ओळीवर एखादी दुसरी स्वरपंक्ती, आणि अंतऱ्यात स्त्री-पुरुष गटांचे आळीपाळीने गायन, एवढ्यावर थांबणे श्रेयस्कर. येथे 'अँथम' शब्दाच्या मूळ अर्थाची आठवण होते. दिंडीत टाळकरी समोरासमोर दोन रांगा करतात आणि चरण आलटून पालटून उचलतात. पाश्चात्त्य वृंदस्तोत्राचा ज्या पद्धतीतून उगम झाला ती पद्धत आपल्याकडे अशी जिवंत आहे. आवाजाच्या पट्टीची अडचणही तिने सुसह्य होते. पुरुषांना काळी एक सोयीची आणि स्त्रियांना काळी चार किंवा पाच, ही आपल्याकडील नेहमीची स्थिती आहे. मिश्र वृंदाला एकाच षड्जावर गावयाचे असेल तर ज्या चालीचा विस्तार एका सप्तकाच्या आत आहे तीच निवडावी. आळीपाळीने गाणाऱ्या दोन गटांपैकी प्रत्येकाला मग आपल्या आवाक्यातील ओळी वाटून देता येतात.

६. उपासनामंदिर आणि सभागृह

उपासनेसाठी केलेली निवड तशीच उचलून सभागृहात नेण्याची प्रथा आहे, उलटही घडते. ह्या दोन स्थानांत श्रोत्याचे नातेच निराळे असते. उपासनेतील माणूस स्वतः अर्धा गायक असतो. त्याला पाठ वाचून दाखविलेला असतो, दिवसाचे प्रयोजन ठाऊक असते, आणि गीत त्या प्रयोजनाचा भाग म्हणून त्याच्यापर्यंत पोहोचते. तेथे लांबी, कौशल्य आणि नवलाई ह्या तिन्ही गोष्टी दुय्यम आहेत. पाठाशी सुसंगत, तीन-चार मिनिटांचे, आणि ज्याचे धृपद मंडळीला दुसऱ्या वेळी उचलता येईल असे गीत त्या ठिकाणी उत्तम.

सभागृहात, उदाहरणार्थ रवींद्र नाट्य मंदिरासारख्या ठिकाणी, श्रोते निरनिराळ्या श्रद्धांचे असतात. त्यांच्यापैकी अनेकांनी ख्रिस्ती पाठ कधीच ऐकलेला नसतो. येथे लॅटिन वा इंग्रजी रचना गाऊ नयेत असे म्हणणे अतिरेकाचे होईल. खुद्द 'मसाया' ही कृती १७४२ मध्ये डब्लिन येथे प्रथम सादर झाली ती उपासनेचा भाग म्हणून नव्हे, तर संगीतगृहात. तिची मूळ जागा सभागृहच होय. पण परभाषेतील रचना निवडताना संहिता लहान असावी, म्हणजे तिचा मराठी आशय दोन वाक्यांत आधी सांगता येतो. मोझार्टची 'आवे व्हेरुम कॉर्पुस' ही १७९१ मधील रचना अवघ्या ४६ मापांची आहे. सर्व पंक्ती बहुतांशी एकत्र चालतात आणि श्रोत्याला आशयाचा धागा सुटत नाही. अशी एक रचना दहा भपकेबाज रचनांपेक्षा अधिक काम करते.

मात्र सभागृहातील कार्यक्रमात मराठीला कोणते स्थान मिळते हे पाहण्यासारखे असते. शेवटी 'एक मराठी गीतही' म्हणून टाळ्यांच्या तालावर एखादे उडते पद गावयाचे आणि गंभीर भाग इंग्रजीसाठी राखावयाचा, ही विभागणी निरुपद्रवी नाही. मराठी ही हौसेची व इंग्रजी ही पूजेची भाषा असा संस्कार तिच्यातून गाणाऱ्या मुलांवर होतो. गंभीर भागात टिळकांचे एक स्तवनपर पद संथ लयीत, षड्ज-पंचमाच्या साथीने आणि दोन गटांत वाटून ठेवले, तर त्या श्रोतृवृंदातील अख्रिस्ती मराठी माणसालाही ते आपले वाटेल. कारण अभंगाचा ओघ त्याच्या कानाला जन्मापासून ओळखीचा आहे.

७. लिपीचा प्रश्न

निवडीच्या चर्चेत सहसा न येणारी, पण आज निर्णायक ठरू पाहणारी एक गोष्ट लिपीची आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची वस्ती पांगली. परळ, लालबाग, प्रभादेवी ह्या भागांतील अनेक कुटुंबे उपनगरांत गेली. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकलेल्या तरुण गायकांना मराठी बोलता येते, पण गाण्याच्या गतीने देवनागरी वाचणे जड जाते. त्यामुळे मराठी गीतेही रोमन लिपीत लिहून वाटली जातात.

ह्यात एक ऐतिहासिक योगायोग आहे. मराठी ख्रिस्ती काव्याचा आद्य महाग्रंथ, फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण', १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले तेही रोमन लिपीतच. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनच होती. देवनागरी आवृत्तीसाठी १९५६ पर्यंत थांबावे लागले. असे असूनही हे पुराण ख्रिस्ती कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले. तेव्हा केवळ रोमन लिपीमुळे मराठी गीत मरते असे म्हणता येणार नाही.

पण त्या काळच्या रोमनमध्ये आणि आजच्या रोमनमध्ये मोठा फरक आहे. सतराव्या शतकातील मिशनऱ्यांनी मूर्धन्य वर्णांसाठी जोडाक्षरी चिन्हे योजून ट-त, ड-द, ण-न, ळ-ल हे भेद राखले होते. आजच्या तालमीच्या कागदावर हे भेद नसतात आणि ऱ्हस्वदीर्घही नसतो. 'बाळ' आणि 'बाल', 'पाणी' आणि 'पानी', 'सुत' आणि 'सूत' तेथे एकरूप होतात. उत्तर कोकणातील कोळी व ईस्ट इंडियन बोलींत ळकार-णकार मुळातच ल-न होतात. ते त्या बोलींचे वैध रूप आहे आणि बोलीतील गीते तशीच म्हटली पाहिजेत. प्रमाण मराठीतील पदात मात्र हा बदल बोलीमुळे होत नसून कागदातील उणिवेमुळे होतो, आणि तो बोलीचाही नाही व प्रमाणभाषेचाही नाही असा तिसराच उच्चार निर्माण करतो. अर्थात रोमन द्यावयाचीच असेल तर दीर्घत्वाची व मूर्धन्याची खूण असलेली द्यावी, आणि शेजारी देवनागरी ओळ ठेवावी. चारशे वर्षांपूर्वीच्या मुद्रकांना जे साधले ते आज साधू नये, ह्याला कारण नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम असा सुचतो. प्रथम गीताचे शब्द चालीशिवाय मोठ्याने वाचावेत आणि त्यात 'मी' बोलतो की 'आम्ही' हे ठरवावे. नंतर चालीच्या वजनदार व लांब मात्रांखाली कोणती अक्षरे येतात ते लघुगुरूच्या खुणा करून पाहावे. तिसऱ्या पायरीवर रचना किती पंक्तींची आहे आणि प्रत्यय व क्रियापदे त्यांतून वाचतात किंवा नाही हे तपासावे. मग आपल्या वृंदातील आवाज आणि अखेर स्थान, म्हणजे उपासना की सभागृह, ह्यांचा विचार करावा. पुष्कळ ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो : सभागृह आधी ठरते, त्याला साजेशी भव्य रचना शोधली जाते, आणि शब्द शेवटी गळ्यात बांधले जातात.

पाश्चात्त्य चालीवरील जुन्या भाषांतरित गीतांना हद्दपार करावे, असा ह्या लेखाचा आशय नाही. चार-चार पिढ्यांनी जी चाल लग्नात व मयतात गाइली तिला स्वतःचा अर्थ प्राप्त झालेला असतो, आणि तो लघुगुरूच्या तक्त्याने पुसता येत नाही. अशा गीतांत ज्या दोन-चार जागी शब्द मोडतो तेवढ्याच जागा जाणकारांनी दुरुस्त कराव्यात. परंतु नव्याने निवडावयाच्या वृंदस्तोत्रांना ही सवलत देण्याचे कारण नाही. एका वृंदाच्या वर्षभराच्या यादीत जेमतेम वीस-पंचवीस गीते असतात. जी मुले त्या यादीवर वाढतात त्यांना पुढे आयुष्यभर तोंडपाठ राहणारे मराठी तेवढेच असण्याचा संभव आहे. ही यादी करणारा मनुष्य त्या मुलांच्या मराठीचा संपादकच असतो. म्हणून आपल्या विद्यापीठीय विभागांनी 'उपासना संगीता'तील गीतांची चालीनिहाय छांदिक सूची तयार करण्याचे काम अंगावर घ्यावे, आणि ते वृंदप्रमुखांच्या सहकार्याने करावे. छंदःशास्त्र, ध्वनिविचार आणि प्रत्यक्ष तालीम ह्या तिन्हींचा त्यात उपयोग होईल, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका वर्षात पुरे करता येईल इतके ते आटोपशीर आहे.